ओली पत्ती

चुनीलाल पाटलांचा माणूस निरोप देऊन गेला त्या दिवसापासून घरात दोन तट पडले होते. पेटारा उघडायचा दिवस उजाडला तरी ते मिटले नव्हते.

अमिनाला मात्र त्याची फिकीर नव्हती. तिला पेटाऱ्याचा दिवस ईदपेक्षा जास्त आवडायचा. हे ती कोणाला सांगायची नाही, नाहीतर मदिना फुफीने, अब्बांच्या बहिणीने, स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून "तौबा तौबा" केलं असतं. पण आवडायचा म्हणजे आवडायचा! पावसाळाभर बंद पडलेली सगळी वाद्यं त्या दिवशी अंगणात निंबाखाली यायची. पितळेला चिंच लागायची आणि बघता बघता काळं पडलेलं कॉर्नेट नवरीसारखं उजळायचं. तळोद्याच्या पिंजार गल्लीत तुळशीच्या लग्नाची चाहूल लागायची ती या अंगणातूनच. घरच्या बँडचे बाकीचे गडी दुसऱ्या दिवशी यायचे. पहिला दिवस घरच्यांचा, आणि डोंगरातून येणाऱ्या उदेसिंगकाकाचा.

आज अमिना चिंचेत कोपरापर्यंत बुडाली होती आणि तिची नजर पुन्हा पुन्हा पेटाऱ्याकडे जात होती. त्याला कारण होतं. पण ते पुढे.

मागच्याच आठवड्यात शाळेत नव्या महाराष्ट्र राज्याच्या नकाशापुढे उभं राहून तिने नद्या म्हणून दाखवल्या होत्या, नववीच्या वर्गासमोर, एका दमात! हेडमास्तर म्हणाले होते, "या मुलीच्या छातीत काय भाता बसवलाय?" तेव्हापासून अमिनाला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्याला एक फुप्फुस जास्तीचं आहे. त्या फुप्फुसाच्या जोरावर ती आता कोणाशीही वाद घालायची.

"पोर, चिंच पितळले लाव, तोंडले नको," मदिना फुफी ओरडली.

"चव बघतेय, फुफी."

"चव बघतेय! शाळानी मराठी आठे नको फाडू मन्हापुढे."

फाटक वाजलं. आधी मोरपिसं दिसली, मग फुंकायच्या पावरीचा भोपळा, त्याच्या तोंडाशी बसवलेलं बैलाचं शिंग, आणि सगळ्यात शेवटी उदेसिंगकाका. खांद्याला चारोळीची पुरचुंडी.

"गफूरभो! पेटारा उघाडा का नही? डोंगर उतरी उनू मी, पाय कामातून गयात."

"तुन्हाबिगर कसा उघाडसु?" अमिनाचे दादा, म्हणजे आजोबा, गफूर पिंजारी, खाटेवरून उठायला लागले. "बस रे. अमिना, पानी आन."

बँडची वाद्यं सकाळीच बाहेर निघायची, पण सनईचा पेटारा उदेसिंगकाकाशिवाय उघडायचा नाही, हा या घरचा जुना रिवाज. कारण दादा दर वर्षी पहिलं नाव घेत ते उदेसिंगच्या बापाचं, जामसिंगचं. आणि नाव घेण्यावरच तर सगळा दिवस उभा होता. आपलं वाद्य घ्यायचं, मांडी घालून बसायचं, कानाची पाळी धरायची आणि हे आपण कोणाकडून घेतलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मगच वाजवायचं. नाव न घेता वाजवलं तर ती चोरी. ज्याचं नाव घेतलं तो समोरच बसला असेल, तर तो "वाजाड" म्हणेपर्यंत वाद्य तोंडाला लावायचं नाही. मग लाट साहेब का येईना!

अमिनाने एक गोष्ट लहानपणापासून पाहिली होती. बँडमधले सगळे गडी कान धरून दादांचंच नाव घ्यायचे. ज्यांना तिच्या अब्बांनी क्लारनेट शिकवलं, बोटं धरधरून शिकवलं, तेसुद्धा. घरातलं मोठं नाव तेच होतं ना. अब्बा तेव्हा खाली बघून क्लारनेटच्या चाव्या पुसत बसायचे.

आताही ते चाव्याच पुसत होते. पण तोंड बंद नव्हतं.

"उदेसिंगकाका, तुम्हीच सांगा आते," अमिनाचे अब्बा, नासिर, म्हणाले. "चुनीलाल पाटलाकडनं लगन. तापीकाठना मोठा गुजर, केळीना बागा, दारशे जीप. मिरवणूकले बँड पाहिजे म्हने, ठीक. पण त्यान्ही माय, तापीबाई, ती अडी बसनी. हळद लागाना टाइमले दारमा गफूरभाईनी सनईच पाहिजे. तिन्हा लगनमा मन्हा आजानी वाजाडी व्हती म्हने."

"मंग वाजाडा."

"सूर कोन धरी?"

उदेसिंगकाकाने तोंडाशी नेलेला पेला खाली ठेवला.

सनई एकटी वाजत नाही. एक जण चाल वाजवतो, दुसरा शेजारी बसून एकच सूर धरून ठेवतो. त्याच्या सनईची भोकं मेणाने बुजवलेली असतात, आणि त्या सनईलाही सूरच म्हणतात. त्याला बोटांचं कामच नाही, काम सगळं दमाचं. हवा नाकाने आत घ्यायची आणि त्याच वेळी गालातली हवा सनईत सोडत राहायची, मध्ये एवढीशी चीर पडू द्यायची नाही. हे काम दादांचा धाकटा भाऊ कादर करायचा, सगळ्यांचे छोटे दादा. जन्मभर त्यांनी एक सुद्धा चाल वाजवली नाही. नुसता सूर धरला. मागच्या उन्हाळ्यात ते गेले आणि दादांची सनई हिरव्या फडक्यात गुंडाळून पेटाऱ्याच्या तळाशी गेली.

"मी सांगस पेटी ठेवू," नासिर म्हणाले. "एक पट्टी दाबी ठेवी, भाता मारत ऱ्हावाना, झायं! नवी पेटी मी दारशे आनी ठेवेल शे."

"पेटीले भाता शे, दम नही," दादा म्हणाले. "भाता मांगे गया का सूर लंगडा व्हस. नासिर, तुले ऐकू येत नही का?"

"मले येस. वऱ्हाडीस्ले येत नही."

"मी वऱ्हाडीस्साठी वाजाडस का?"

"मंग कोनासाठी?"

दादांनी उदेसिंगकडे बोट केलं. "यान्हा बापसाठी. तव्हय मी जवान व्हतू. रुई पिंजाले डोंगरमा जाऊ. होळीना नाच व्हता. जामसिंग पावरी वाजाडे आन् नाचनारा थकी जायेत, पन ती पावरी थके नही. मी इचारं, भो, तू श्वास कव्हय लेस? तो हसना. म्हने, हवा खर्चू नको, फिराव. जशी घानी फिरस तशी."

"आन् मंग तीन वरीस यानी आम्हनं डोकं खादं," उदेसिंगकाका म्हणाला. "पिंजण खांदावर, दारशे उभा. माय म्हने, रुई पिंजाले येस का पावरी ऐकाले? आम्हनी गोधडी अजून अर्धीच भरेल शे!"

सगळे हसले. फुफीने ढोलक मांडीवर ओढली. फुफी विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात बायकांच्या गाण्यांना तिचीच ढोलक असायची.

"मन्हा उस्ताद तर घरमाच व्हता," ती म्हणाली. "अम्मा रुई पिंजे, ठण् ठण् ठुंई, ठण् ठण् ठुंई. मी गोधडीमा पडी पडी मांडीवर तोच ठेका धरू. आते बाया म्हनतस, मदिना, काय तुन्हा हात! हात मन्हा नही, तो अम्माना मोगरा शे, पिंजणनी तारवर मारतस तो."

"आणि अब्बा, तुमचं?" अमिनाने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण तिला ते ऐकायलाच आवडायचं.

नासिरचा चेहरा जरा सैल झाला. "बडोदाले एक गोव्याना मास्तर व्हता. दाढी नही, मिशी नही, पन बठा बँड त्याले घाबरे. तो म्हने, नासिर, पहिले कान, मंग बोट, तोंड बठास्ना शेवट. महिनाभर त्यानी मले क्लारनेट हातमा दिधंच नही! नुसता ऐकाले बसाडं. रस्तावरनी सायकलनी घंटी वाजनी का इचारे, कोनता सूर?"

"आन् सांगता उना नही का?" फुफीने डिवचलं.

"मार पडे!"

किती मजा येत होती! अमिनाला वाटलं, हे सगळं असंच चालू राहावं. डोंगर, बडोदा, आज्जीचं पिंजण, सगळं या एका अंगणात येऊन निंबाखाली बसलं होतं. पण मग दादा म्हणाले, "चला, पेटारा उघाडा," आणि ती मान खाली घालून घासलेलंच पितळ पुन्हा घासायला लागली.

फुफी पुढे सरकली. दर वर्षी आधी सनई निघायची, मग सूर. सूर हातात आला तेव्हा फुफीचे डोळे भरून आले. तिने फडकं सोडलं, छोट्या दादांची आठवण म्हणून त्याची पत्ती डोळ्यांना लावायला गेली आणि तिथेच थांबली.

"या अल्लाह."

"काय व्हयनं?"

"पत्ती ओली शे!"

सनईची पत्ती म्हणजे तिची जीभ. तापीकाठच्या बोरूची, दादा स्वतः कापतात. वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. उन्हाळ्यापासून पेटाऱ्यात पडलेली पत्ती कांद्याच्या सालीसारखी कोरडी, चुरचुरीत असायला हवी. ही मऊ होती. कोणीतरी आज, फार तर काल, तोंडात धरली होती.

दादांनी पत्ती हातात घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली. मग मान वर केली आणि नासिरकडे पाहिलं. अमिनाने दादांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावरून वीसेक वर्षं कोणीतरी फडक्याने पुसून काढली होती.

"नासिर... तू?" त्यांनी पत्ती पुढे केली. "तू सूर धरी ऱ्हायना? लपी लपी?"



"मी नही, अब्बा."

"लाजू नको रे."

"मी नही म्हनस ना!" नासिरचा आवाज चढला. "मन्हाकडथी ते व्हत नही. तुमले माहीत शे. बठ्ठा गावले माहीत शे!"

दादांचा चेहरा हळूहळू परत म्हातारा झाला. अमिनाला ते बघवेना. चिंचेच्या पाण्याने भरलेले दोन्ही हात परकराला पुसत ती उभी राहिली.

"मी घेतली होती," ती म्हणाली. "पत्ती. मी ओली केली."

आणि मग जो गोंधळ उडाला!

"पोरनी जात!" फुफी. "तोंडमा सनई लिसन बसशी? उद्या कोन करी तुले?"

"तू ढोलक वाजवतेस की!"

"ढोलक मांडीवर ऱ्हास, तोंडमा नही!"

"कादरनी पत्ती," दादा पुटपुटले. "मन्हा भाऊनी पत्ती... इचारं बी नही तू?"

हे मात्र लागलं. अमिनाची मान खाली गेली. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, हे खरं. तरी विचारलं नव्हतं, हेही खरंच.

"चुकलं, दादा. पण मला येतं. खरंच येतं! रोज दुपारी, तुम्ही झोपता तेव्हा, गोठ्यामागे, भोंग्यात फडकं कोंबून. तुटत नाही माझा सूर. चुनीलाल पाटलांकडे मी धरते. पेटी नको!"

उदेसिंगकाकाने गुडघ्यावर थाप मारली. "आगे ऐका ते खरं! मंग भांडा दिवसभर. मी काय लगेच डोंगर चढत नही."

"ऐकाना प्रश्नच नही," नासिर म्हणाले. क्लारनेट मांडीवर आडवं ठेवून ते शांतपणे बोलत होते, आणि शांत बोलणारे अब्बा ओरडणाऱ्या अब्बांपेक्षा अवघड. "ती नाव कोन्हं लेई? तुम्ही शिकाडं का, अब्बा?"

"नही."

"कादरचाचा तर तिले जवळ बसू देत नव्हतात. मंग? नाव नही ते वाजाडता येत नही. हाऊ नियम मन्हा नही, तुम्हना शे."

नियम दादांचाच होता. त्यांच्या बापाचा होता. तो मोडायचा तर या अंगणात कोणी कशाला यायचं?

तेवढ्यात अमिनाच्या परकराला खालून हिसका बसला. फुफी ढोलकेवर वाकल्यासारखं करून कुजबुजत होती. "कादरचाचानं नाव ले. तो काय उठी येवाव शे नही म्हनाले? ले ना, येडी."

अमिना थक्क झाली. आत्ता तर फुफी तौबा करत होती! पण फुफीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नजर दादांवर होती. आपल्या म्हाताऱ्या बापाचा तो उजळून विझलेला चेहरा तिनेही पाहिला होता.

किती सोपं होतं! कादर. तीन अक्षरं, आणि सूर आपला. पण छोट्या दादांनी तिला काही शिकवलं नव्हतं. "हट पोर" म्हणायचे. त्यांचं नाव घेऊन वाजवलं तर ती दुसरी चोरी झाली असती, पहिलीहून मोठी.

आणि खरं नाव तिच्याकडे होतं. सकाळपासून तेच तर ओठांवर येत होतं.

ती मांडी घालून बसली. सूर समोर ठेवला. उजव्या हाताने कानाची पाळी इतकी घट्ट धरली की ती लाल झाली.

"नासिर वल्द गफूर पिंजारी," ती शाळेत नद्या म्हणाली होती तशी म्हणाली, खणखणीत.



"काय?" नासिर म्हणाले.

"तुम्ही शिकवलंत, अब्बा."

"मी? मस्करी करस का? मले सोताले येत नही!"

"तेच तर!" अमिनाला आता थांबता येईना. "पपईच्या देठाची गोष्ट! दर वर्षी अंगणात पपई लागली की सांगता. दादांनी तुम्हाला लहानपणी पाण्याचा पेला दिला, पपईचं पोकळ देठ दिलं, म्हणाले बुडबुडे काढत राहा, थांबू नको. तुम्ही गाल टम्म फुगवले, हवा एकदमच संपली. मग गाल रिकामे ठेवले, तर नाकाने घेताना देठातूनही ओढलं गेलं आणि पाणी नाकात! मग घाबरून पोट घट्ट धरलं, तर हवाच खाली जाईना. शेवटी दादांनी पेला अंगणात फेकला. आम्ही किती हसतो! पण अब्बा, तुम्ही एक एक चूक सांगता. काय केल्यावर काय झालं, सगळं. मी पपईचं देठ घेतलं आणि तुम्ही जे जे केलं ते केलं नाही. एवढंच. दादा नुसतं म्हणतात हवा फिराव. कशी फिरवायची नाही, ते फक्त तुम्हालाच माहीत आहे!"

हसवायला सांगितलेल्या त्या गोष्टीच्या शेवटी अब्बा दर वेळी जरा जास्त वेळ गप्प बसायचे, हे तिने सांगितलं नाही. तेवढं कळायला तिला नववीत यावं लागलं होतं.

नासिरने कोणाकडेच पाहिलं नाही. क्लारनेटच्या चाव्या पुसायचं फडकं त्यांच्या हातात होतं, त्याने ते उगाच अंगठा पुसत राहिले.

"नाव लिधं तिनी," उदेसिंगकाका हळूच म्हणाला. "उस्ताद समोर बसेल शे. आते तोच सांगी."

उस्ताद! फुफीने पदर तोंडात धरला. दादा आपल्या मुलाकडे बघत होते. पेला फेकलेल्या त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी त्याच्याकडे असं कधी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

"नासिर," दादा म्हणाले, "तव्हय मी पेला फेका. फेकाले नको व्हता."

नासिरने मान हलवली. ती हो होती की नको, ते कळलं नाही. मग ते अमिनाकडे वळले. ओठ दोनदा हलले.

"वाजाड," ते म्हणाले.

अमिनाने पत्ती तोंडात धरली. बोरूची ती हिरवट, कडसर चव! तिने फुंकलं आणि सूर निघाला, आधी जरा घोगरा, झोपेतून उठवल्यासारखा, मग सरळ. तिने नाकाने हवा घेतली. सूर तसाच. पुन्हा घेतली. तसाच! निंबाच्या पानांतून खाली, भिंतीवरून पलीकडे, पिंजार गल्लीच्या शेवटापर्यंत एक लांबच लांब धागा निघाला होता आणि त्याला गाठ नव्हती.

दादांनी घाईघाईने कान धरला, "जामसिंग," म्हणाले, आणि उदेसिंगने "वाजाडा, वाजाडा!" म्हणेपर्यंत सनई त्यांच्या ओठांवर होती. उन्हाळ्यापासून मुकी असलेली ती सनई त्या सुरावर आली, थोडी चाचपडली, मग पाय रोवून उभी राहिली. हळदीची चाल. फुफीने ढोलकेवर हात टाकला, ठण् ठण् ठुंई, आणि वाजवता वाजवताच मोठ्याने जाहीर करून टाकलं, "तापीबाईकडे बायास्नी ओसरीमा बसी ती, मन्हा बाजूले! मी शे ना संगे! कोन काय म्हनस ते मी दखस!"

अमिनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते जोर लावल्यामुळे की कशामुळे, तिला कळत नव्हतं. त्या पाण्यातून तिला दिसलं, अब्बा उठले. फाटकाकडे गेले. तिथे चुनीलाल पाटलांकडे न्यायची नवी पेटी कापडात बांधून ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगण ओलांडून घरात नेली.

आनंदाने अमिनाची छाती एवढी भरून आली की गालही भरले. चांगले टम्म फुगले. हवा संपत आली आणि सूर थरथरला.

"गाल फुगाडू नको!"

अब्बा दारात उभे होते. आवाज असा उस्तादाचा, की बँडमधल्या कुठल्याच गड्याने तो कधी ऐकला नसेल.

अमिनाने गाल सोडले, नाकाने हवा घेतली. सूर तुटला नाही.